चेअरमनच्या नऊ पाती

चित्रकलेचे सर सकाळच्या बसने आले, प्रयोगशाळेतला पंखा फिरत नाही हे त्यांनी पाहिलं आणि त्याच बसने परत गेले. बस वळून उभी राहते तेवढाच वेळ ते गावात होते. तेवढ्यात त्यांनी कागदाचं एक मोठं भेंडोळं आणि पेन्सिलींचा खोका शाळेच्या पायरीवर ठेवला, आणि "वर्गाला शुभेच्छा" असंही म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही, कारण तिथे मी एकटीच होते, आणि मी विज्ञान शिकवते.

"आता वर्ग तुम्हीच घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

"मला चित्रकला येत नाही."

"अहो, तुमचा बेडूक किती सुरेख असतो."

"तो पोट उघडलेला बेडूक असतो, बाई."

"मग बंद केलेला त्याहून सोपाच जाईल की."

मी आणखी वाद घातला असता, पण वर्ग झाला नाही तर प्रयोगशाळा जाणार होती. गावातल्या सोसायटीचे चेअरमन शाळेच्या समितीवरही होते. उन्हाळ्यात बंद राहणारी खोली पाहिली की त्यांना चैन पडत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वाचनालयाची खोली 'थोड्या दिवसांसाठी' मागून घेतली होती. तिथे अजून बियाण्याची पोती आहेत, आणि पुस्तकं आमच्या बसायच्या खोलीत टेबलाखाली आहेत. आता त्यांना खतासाठी प्रयोगशाळा हवी होती. खत म्हणजे अमोनिया. माझ्या सूक्ष्मदर्शकाची पितळी नळी आणि काचेच्या पेटीतला तराजू त्या हवेत एक हंगामही टिकले नसते. हे मी चेअरमनना समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तराजू खराब झाला तर सोसायटीचा वापरा. आमच्याकडे दोन क्विंटलचा आहे."

शेवटी, सर यायच्या आधीच, त्यांनी तोडगा काढला होता. गावातली तरुण पोरं उन्हाळाभर पारावर बसून असतात, त्यांना कला शिकवायची अशी वरून सूचना होती. वर्ग प्रयोगशाळेत भरवायचा. वर्गाने सोसायटीच्या नव्या हॉलसाठी चेअरमनचं पूर्ण उंचीचं, उभं चित्र काढायचं. शेवटी प्रदर्शन भरवायचं, आणि लोकांना चित्र आवडलं तर खोली माझी. नाही आवडलं, तर दुसऱ्या दिवशी पोती आत.

"शब्द देतो," असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला.

वर्गाला नऊजण आले. सगळे सोळा ते वीस वयाचे, काही शाळा संपवलेले, काही शाळेने संपवलेले. त्यांची म्होरकी होती आत्या. ती अठरा वर्षांची होती. सहा भावांच्या पाठीवर, बऱ्याच वर्षांनी झालेली. त्यामुळे वर्गातल्या तिघांची ती सख्खी आत्या होती, आणि उरलेले भीतीने म्हणत. सायलेन्सर नावाचा एक मुलगा होता, तो बोलायला लागला की बाकी कोणाचं काही ऐकू येत नसे. गोगल घरातही काळा चष्मा घालायचा. आणि चेअरमनचा भाचा होता. तो मामाकडेच राहायचा, कमी बोलायचा, आणि त्याला सगळे भाचाच म्हणायचे. कोणीही भाचा म्हणून हाक मारली की तो येत असे.

मला जे येत होतं ते मी शिकवलं. पेन्सिलीला टोक कसं काढायचं ते आधी. मग चंचुपात्र. फळ्यावर लिहिलं की दिसतं तेच काढा, माहीत असतं ते काढू नका. रेघ एकदाच ओढा. छटा देऊ नका. भागांची नावं चित्राच्या उजव्या बाजूला लिहा आणि नावाकडे जाणारी रेघ आडवी, पट्टीने मारा. चित्रकलेत नावं देतात की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका होती. पण नावं नसलेलं चित्र मी जन्मात तपासलेलं नव्हतं.

पोरं हुशार निघाली. दोन दिवसांत त्यांची चंचुपात्रं माझ्यापेक्षा सरळ उभी राहू लागली. सायलेन्सरने घरी जाऊन आपल्या वडिलांचं चित्र काढलं आणि उजवीकडे नावं दिली: मिशी, बनियन, राग.

"राग दिसतो का?" मी विचारलं.

"बाई, लांबून दिसतो."

मग चेअरमनच्या चित्राची वेळ आली. कागदाचं भेंडोळं एकच होतं. मी म्हणाले, "एकच मोठं चित्र होईल. आपापसांत वाटून घ्या."

"पात धरू, बाई," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते बरं वाटलं. पात म्हणजे काय ते मला माहीत होतं. निंदणीला बायामाणसं शेताच्या कडेला ओळीने बसतात, प्रत्येकजण आपल्यासमोरचा एक पट्टा धरतो, आणि सगळी मिळून एका चालीने पुढे सरकतात. शेजाऱ्याच्या पातीत हात घालायचा नाही. कोणाची पात आधी संपली, तर त्याने रिकामं बसायचं नाही. मागे राहिलेल्याच्या पातीत पलीकडच्या टोकाने शिरायचं आणि उलटं काम करत त्याला येऊन मिळायचं. अशी शिस्त मला माझ्या वर्गात कधी लावता आलेली नव्हती.

त्यांनी कागदाचे नऊ उभे पट्टे कापले, प्रत्येकी एक वीत रुंद आणि चेअरमनपेक्षा थोडा उंच. प्रयोगशाळेतली टेबलं सिमेंटने जमिनीत बसवलेली आहेत, तीन बाजूंनी, घोड्याच्या नालासारखी. मधे मोकळी जागा. आठजण त्या टेबलांवर बसले. भाच्याला जागा उरली नाही, म्हणून तो फळ्याखालच्या चौथऱ्यावर बसला. चेअरमन मधोमध उभे राहिले. एक हात छातीवर, एक हात कमरेवर. फळ्याकडे, म्हणजे भाच्याकडे, त्यांची पाठ होती.

"किती वेळ उभं राहायचं?" त्यांनी विचारलं.

"पात संपेपर्यंत," आत्या म्हणाली.

"आणि मी चित्र मधे बघणार नाही हं. एकदम बघणार. लोकांबरोबर."

"आम्ही पण नाही बघणार," आत्या म्हणाली. "आपापली पात बघायची."

काम सुरू झालं आणि मी थक्क झाले. आत्या मुकादम होती. ती "केस!" म्हणाली की नऊच्या नऊजण केस काढायला लागत. "कपाळ!" म्हणाली की सगळे कपाळावर. पेन्सिली एका चालीने वरून खाली येत होत्या. मधे कोणी पाणी प्यायला उठलं, तर बाकीचे त्याच्यासाठी भुवईवर थांबत. चेअरमनही जमेल तसे उभे राहत, फक्त फोन आला की बोलणाऱ्याच्या दिशेला तोंड वळवत. खताची गाडी पूर्वेकडून येणार असली की पूर्वेकडे. बायकोचा फोन आला की घराकडे.

"मामा, हलू नका," भाचा मागून म्हणायचा.

"तू पाठ काढतोयस ना? पाठ कुठे हलते?"

मी रोज सगळे पट्टे तपासत होते. एकेक पट्टा घ्यायचा, उजेडात धरायचा, रेघ पाहायची, आडव्या रेघा पट्टीने पडताळायच्या, खाली सही करायची आणि पालथा घालून ठेवायचा. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घालावी तसं. वर्षानुवर्षं मी असंच पाहत आले आहे. एका वेळी एकच गोष्ट, पण नीट. प्रत्येक पट्ट्यावरचं काम निर्दोष होतं. एका कानाची पाळी तर इतकी अचूक होती की मी त्या मुलीला दोनदा शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी आणखी एक सुंदर कान माझ्यासमोर आला, त्यालाही दिली.

रंगांची अडचण होती. सरांनी रंग ठेवले नव्हते. मग मी कपाटातलं मोरचूद पाण्यात विरघळवलं आणि सदऱ्याला निळा रंग तयार केला. सगळ्यांना हात धुवायला लावले. वाळल्यावर सदऱ्यावर बारीक स्फटिक आले आणि चेअरमन लुकलुकायला लागले. पोरांना ते फार आवडलं. चेहऱ्यासाठी मी आयोडीन पातळ करून पाहिलं. गाळणकागदावर ते अगदी गव्हाळ दिसत होतं. पण भेंडोळ्याच्या कागदाला खळ होती, आणि खळीत आयोडीन पडलं की काय होतं ते मी दरवर्षी आठवीला शिकवते. सुदैवाने आम्ही एका कानावरच सुरुवात केली होती. तो कान जांभळा झाला. बाकीचा चेहरा तसाच पांढरा ठेवला.

गोगल मागे पडला. पेन्सिलीला टोक काढण्यात त्याचा जीव रमायचा. बाकीचे बुटांपर्यंत पोचले तेव्हा तो अजून गळ्यावर होता.

"ए गोगल, आज आहेस की उद्या?" सायलेन्सर ओरडला. स्वतःची पात त्याने आधीच संपवली होती.

"ओरडू नको. माझी रेघ हलली."

"मी खालून येतो," असं म्हणून सायलेन्सर गोगलच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला भिडला आणि बुटांवरून वर निघाला. दोघं पोटाजवळ भेटणार होते. भेटले तेव्हा मधे वीतभर कागद शिल्लक राहिला. चेअरमन संपले होते, कागद संपला नव्हता.

"आता?" गोगल म्हणाला.

"बटणं टाक," सायलेन्सर म्हणाला. "बटणांनी काही बिघडत नाही."

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी आम्ही पहिल्यांदा ते पट्टे भिंतीवर शेजारी शेजारी लावले. प्रयोगशाळेत भिंती कमीच. कपाटं, खिडक्या आणि फळाच जास्त. खिडकी आणि दार यांच्यामधे आठ पट्टे मावले. नववा, भाच्याचा, दारावर आतून चिकटवावा लागला. मग सगळे मागे सरकून उभे राहिले, आणि मी चष्मा पुसला.

भिंतीवर चेअरमनना दोन नाकं होती. कान तीन, त्यातला एक जांभळा. डोळे मी मोजले ते पाच भरले. डोळे काढायच्या दिवशी त्यांना बरेच फोन आले असावेत. सदऱ्याला अकरा बटणं होती. उंची होती तेवढीच होती, रुंदी मात्र दोन माणसं दाराने एकदम आत येऊ पाहत असल्यासारखी होती. प्रत्येक अवयवाला नाव होतं. 'नाक', आणि थोडं पुढे गेल्यावर 'नाक'.

काय झालं ते मला एका नजरेत कळलं. नऊजण नऊ दिशांना बसले होते. प्रत्येकाने चेअरमनचा आपल्यासमोरचा पट्टा काढला होता. शेतात ते बरोबर असतं, कारण शेत आडवं पसरलेलं असतं आणि जागचं हलत नाही. चेअरमन गोल होते. पोरांनी त्यांना संत्र्यासारखं सोलून साल भिंतीवर पसरली होती. पृथ्वीचा नकाशा असाच करतात, आणि त्यातही काही देश उगाच मोठे होतात.

"हे चुकलंय," मी म्हणाले.

"काय चुकलंय?" आत्याने विचारलं. "बाई, माझ्या पातीत काही चुकलंय का?"

"नाही."

"ह्याच्या?"

"नाही. एकेक पात बरोबर आहे."

"मग सगळं रान बरोबर आहे," आत्या म्हणाली. "एवढा माणूस आजपर्यंत कोणी नीट निंदला नसेल."

"आत्या, त्यांना तीन कान आहेत."

"तेवढे दिसले. तुम्हीच म्हणाला होता, दिसतं ते काढा, माहीत असतं ते नाही. दोनच आहेत हे आम्हाला माहीत होतं, बाई. म्हणून तर नाही काढले."

नवा कागद नव्हता, वेळ नव्हता. मी पट्टी घेतली आणि आडव्या रेघा पुन्हा तपासायला लागले. हाताला काहीतरी काम हवं होतं. असं करत दारापाशी आले. भाच्याचा पट्टा सर्वांत शांत होता. डोक्याचा मागचा भाग, तिथलं रुपयाएवढं टक्कल, पाठ, कमरेचा पट्टा, विजारीचा मागचा खिसा. खिशातून एक लोखंडी कडी बाहेर आलेली होती. तिच्यापासून आडवी रेघ निघत होती आणि पुढे लिहिलं होतं, 'नवं कुलूप'.

"हे कुठलं?" मी भाच्याला विचारलं.

"मामाच्या खिशातलं."

"रोज होतं?"

"पहिल्या दिवसापासून. खिसा फुगलेला असायचा, पण आत कुलूप आहे हे खिसा काढताना दिसलं."

"नवं कशावरून?"

"अजून कागद चिकटलेला होता त्याला."

प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप नाही. नुसती कडी आहे, आणि तिच्यात मी तारेचा तुकडा अडकवते. सोसायटीचं गोदाम, बियाण्याची खोली, सगळीकडे जुनी, मोठी कुलपं आहेत. हे लहान होतं, आमच्या कडीत बसेल एवढं. छातीवर हात ठेवून ते आमच्यासमोर उभे होते, तेव्हा ते मागच्या खिशात होतं. म्हणजे चित्र कसंही झालं असतं, दोन नाकांचं किंवा एका नाकाचं, दुसऱ्या दिवशी पोती आत येणारच होती.

भाचा माझ्याकडे पाहत होता. "खोडू का, बाई?"

मी पट्टी रेघेला लावून पाहिली. डावीकडून किंचित वर गेली होती.

"खोडू नकोस," मी म्हणाले. "सरळ कर."

प्रदर्शनाला अर्धा गाव आला. दार सताड उघडं होतं. आमचं दार आत उघडतं आणि कोपऱ्यातल्या कपाटाला टेकतं. त्यामुळे भाच्याचा पट्टा कपाटाच्या आडोशाला गेला होता आणि कोणालाच दिसत नव्हता. त्याने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीच केलं नाही. दार लोकांना आत येण्यासाठी उघडं असतं, ते मी कोणत्या कारणाने लावणार?

चेअरमन इस्त्रीचा निळा सदरा घालून आले. बरोबर त्यांची बायको होती, जिला सगळा गाव वहिनी म्हणतो. चेअरमननी फीत कापली, कात्री कोणाला द्यायची ते न सुचून हातातच धरली, आणि चित्रासमोर येऊन उभे राहिले.

लोकांनी त्यांच्या मागे दाटी केली.

"हा कोण?" चेअरमननी विचारलं.

"तुम्ही," आत्या म्हणाली.

"आणि हा?" त्यांनी दुसऱ्या नाकाकडे कात्री केली.

"तुम्हीच. फोनवर."

चेअरमन जवळ गेले आणि नावं वाचायला लागले. कान. नाक. बटण, बटण, बटण. वाचता वाचता छातीच्या खिशापाशी आले. तिथे एक आडवी रेघ येऊन संपत होती, आणि लिहिलं होतं, 'रिकामी जागा'.

"माझ्या छातीत रिकामी जागा?"

"नाही हो," गोगल घाईने म्हणाला. "ती शेजारच्या पातीतली आहे. तुमचा हात कमरेवर होता ना, तो हात आणि पोट ह्यांच्यामधली. नाव लिहायला तिकडे जागा पुरली नाही, म्हणून रेघ इकडे आली."

"म्हणजे रिकामी जागा लिहायला जागा नव्हती?"

"हो ना."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. चेअरमन वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट समाधान होतं. तेच मला वाईट वाटलं. "बाई," ते मोठ्यानं म्हणाले, "मुलांनी मेहनत घेतली, मी नाही म्हणत नाही. पण हे चित्र सोसायटीच्या हॉलमधे लावलं, तर लोक कर्ज कोणत्या तोंडाकडे मागतील? आपलं काय ठरलं होतं? लोकांना आवडलं तर..."

"मला आवडलं," वहिनी म्हणाल्या.

"तू थांब जरा."

"का थांबू? अगदी तुमच्यासारखंच झालंय. हा कान माझ्या बाजूचा, ह्यानं काही ऐकू येत नाही तुम्हाला. हा तुमच्या बहिणीच्या बाजूचा, बघा कसा टवकारलाय. हा जांभळा कोणाचा ते मला माहीत नाही, पण शोधून काढीन." लोक आता उघड हसत होते. वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "आणि ते दार लावा रे कोणीतरी. धूळ किती येतेय आत."

मी जागची हलले नाही. आत्या उठली आणि तिने दार लावलं.

कपाटाआडून चेअरमनची पाठ फिरत बाहेर आली आणि बाकीच्या आठ पट्ट्यांच्या शेजारी जाऊन थांबली. आता माणूस पूर्ण झाला. सगळ्यांची नजर तिकडे गेली. भाच्याने अक्षर मोठं काढलं होतं, मागच्या रांगेलाही वाचता येत होतं.

"नवं कुलूप," सायलेन्सरने वाचलं. त्याने हळू वाचलं असेल, पण तो सायलेन्सर होता.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

"काय काय?" चेअरमन म्हणाले.

"वर्ग सुरू व्हायच्या आधी दुकानातून आणलंत तेच ना हे? मी म्हटलं, एवढंसं कुलूप गोदामाला पुरेल का, तर म्हणालात, गोदामाला नाही, शाळेतल्या त्या खोलीला. सोमवारपासून लागणार म्हणालात." त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. "मग हे चित्र कशाला काढून घेत होतात?"

चेअरमनचा छातीवरचा हात, जो भाषणाच्या तयारीने तिथे गेलेला होता, तो तिथेच राहिला. दुसरा हात कात्रीसकट मागे गेला. आत्या तोवर चालत त्यांच्या मागे गेली होती. तिने वाकून पाहिलं.

"आत्ता पण आहे," ती म्हणाली. "कागद चिकटलेलाच आहे अजून."

"मामा, हलू नका," भाचा म्हणाला. त्याने हे सवयीने म्हटलं असावं. पण चेअरमन खरोखर हलले नाहीत. नऊ दिवस त्या जागेवर त्या आवाजाला ते थांबत आले होते. लोक एकेक करून मागच्या बाजूला जाऊ लागले. आधी भिंतीवरची पाठ बघायची, मग खरी, मग मान हलवायची. चित्र हुबेहूब असल्याबद्दल आता कोणाच्या मनात शंका उरली नव्हती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टक्कलही पडताळून पाहिलं.

चेअरमन हुशार आहेत हे मी कबूल करते. त्यांनी कात्री टेबलावर ठेवली, खिशातून कुलूप काढलं, त्यावरचा कागद नखाने सोलला आणि ते माझ्यासमोर धरलं.

"बाईंनाच द्यायला आणलं होतं," ते म्हणाले. "खोलीत एवढं महागाचं सामान. आणि दाराला काय, तर तार! म्हटलं, प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांसमोर देऊ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कुलूप घेतलं. त्याला एक किल्ली लोंबत होती.

"कुलपाला दोन किल्ल्या असतात," मी म्हणाले.

"असतात का?"

"नव्याला असतात."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि छातीवरचा हात सदऱ्याच्या खिशात घातला. दुसरी किल्ली तिथे होती.

"बाई," गोगल भिंतीकडे बोट दाखवत कळवळून म्हणाला, "तिथं आम्ही रिकामी जागा लिहिलंय. चुकलं ते."

"ती रेघ शेजारच्या पातीतली आहे," मी म्हणाले. "बरोबर आहे ते."

खताची पोती सोसायटीच्या नव्या हॉलमधे गेली. ज्या भिंतीवर चेअरमनचं चित्र लागायचं होतं, तिला टेकून ती छतापर्यंत रचली आहेत. चित्र प्रयोगशाळेतच आहे. आयोडीन हळूहळू उडून जातं, त्यामुळे कान आता फिकट होत चालला आहे. वहिनी अधूनमधून तो बघायला येतात. सूक्ष्मदर्शक आणि तराजू दोन्ही ठीक आहेत.

परवा चेअरमन आले. समितीच्या कामासाठी आले होते म्हणे. पोरं आत बसली होती. वर्ग संपला, तरी ती दुपारची येतात आणि मी त्यांना कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवते. त्याही शेजारी शेजारी पातीसारख्याच असतात, हे आत्यानेच मला दाखवून दिलं. चेअरमन मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले, इकडचं तिकडचं बोलले, पंख्याबद्दल काहीतरी करायला हवं असं म्हणाले. तेवढ्यात भाच्याने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

त्या आवाजाने ते बोलायचे थांबले. त्यांचा हात मागच्या खिशावर गेला. मग ते निघाले, पण आमच्याकडे पाठ न करता, हसत, नमस्कार करत, एकेक पाऊल मागे सरकत. मागे दार लावलेलं होतं, त्यावर भाच्याचा पट्टा अजून होता. ते हलकेच जाऊन दाराला टेकले आणि तिथे क्षणभर थांबले. मग आमच्याकडे बघतच ते हाताने कडी चाचपायला लागले. कडी चार बोटं वर आहे. त्यांचा हात पुन्हा पुन्हा कागदावरच्या कुलपावर जात होता.

"मामा, वर," भाचा म्हणाला.